वटाव : एका युआनचे क्रोना किती?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की १९५५ ते १९७१ अशी सोळा वर्षं चिनी युआन आणि स्वीडिश क्रोना यांच्यातली सरकारी हुंडणावळ जागची हलली नाही. एका युआनला २.१० क्रोना. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. रुपयावर लिहिते तेव्हा इतकी येत नाहीत. त्यातली चार घेते.

प्रश्न : माझा मुलगा स्वीडनला, गोथेनबर्गमध्ये मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याचा एक चिनी सहकारी म्हणतो, तो लहान असताना एका युआनला जवळजवळ तीन क्रोना मिळत, आणि आता दीडच मिळतात. पण मधल्या काळात चीन कुठल्या कुठे गेला! मग त्याचा पैसा निम्म्याने स्वस्त कसा? मुलाच्या मते सहकारी थापा मारतोय. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : थापा नाहीत. ‘मिळत’ हे क्रियापद तेवढं त्यानं सैल वापरलंय.

आधी आकडे. १९८१ सालची सरासरी घ्या. डॉलरला साधारण १.७० युआन, आणि त्याच डॉलरला साधारण ५.०६ क्रोना. भागाकार केला की एका युआनला २.९७ क्रोना येतात. म्हणजे सहकाऱ्याची स्मरणशक्ती चोख आहे.

मी फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन खात्यात एकतीस वर्षं काढली. नवीन होते तेव्हा टेलेक्सवरचा दर उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. आमचे साहेब आकड्याशेजारी पेन्सिलीने ‘कोणाचा?’ एवढंच लिहून कागद परत पाठवायचे. तेव्हा राग यायचा. तुमच्या पत्रावर आज मी तेच लिहिणार आहे. तीन क्रोना कोणाला मिळत?

चिनी कामगाराला तर नाहीच. त्याचा पगार तेव्हा महिन्याला साठ-सत्तर युआन होता, आणि ते घेऊन तो बँकेत क्रोना मागायला जाऊ शकत नव्हता. उलट दिशेने, क्रोना घेऊन येणारा स्वीडिश पाहुणा बँकेत जायचा, तेव्हा त्यालाही साधे युआन हातात पडत नसत. १९८०च्या एप्रिलपासून बँक ऑफ चायना परदेशी माणसाला वेगळी प्रमाणपत्रं द्यायला लागली होती. दिसायला नोटेसारखी, आकडा युआनचाच. पण परदेशी पाहुण्यांसाठीच्या सरकारी ‘मैत्री भांडारां’त जो आयात माल मिळे तो ह्याच कागदांवर. कागदोपत्री प्रमाणपत्राचा एक युआन आणि लोकांच्या खिशातला एक युआन सारखेच. रस्त्यावर मात्र प्रमाणपत्रासाठी लोक वर पैसे मोजायला तयार असत. ज्यावरून या सदराला नाव दिलं तो वटाव हाच. एकाच सरकारचे दोन कागद, दोन्हींवर एकच आकडा, आणि तरी बदलताना वर पैसे.

एवढ्यावर भागत नाही. १९८१ पासून परदेशी व्यापार करणाऱ्या चिनी कंपन्यांसाठी सरकारने तिसराच दर काढला, डॉलरला २.८०. निर्यात करून एक डॉलर कमवायला कंपनीला जेवढा खर्च येई त्यावरून तो बेतला होता. आता ५.०६ ला २.८० ने भागा, १.८१ क्रोना येतात. पाटीवरच्या दराने तीन आणि हिशेबाच्या दराने पावणेदोनच्या थोडे वर, तेही एकाच वर्षी, एकाच देशात. तेव्हा तुमच्या मुलाच्या सहकाऱ्याला सांगा, की तीन हा पाटीवरचा आकडा होता. दुकानात त्या भावाने माल नव्हता.

पुढची घसरण त्यामुळे वाटते तेवढी भयंकर नाही. १९८६च्या जुलैत डॉलर ३.२० वरून ३.७० युआनवर गेला, १९८९च्या डिसेंबरात ४.७२, १९९०च्या नोव्हेंबरात ५.२२. मग १ जानेवारी १९९४. आदल्या दिवशीचा सरकारी दर ५.८०, त्या दिवशीचा ८.७०. वर्तमानपत्रांनी भूकंप म्हटलं. पण तोवर बहुतेक व्यवहार ‘अदलाबदल केंद्रां’वर (जिथे कंपन्या आपसात परकीय चलन विकत-घेत) होत होते आणि तिथला भाव ८.७० च्या आसपासच होता. सरकारने पाटी तेवढी बदलून बाजाराला जुळवून घेतली. प्रमाणपत्रंही त्याच वर्षी संपली. १९९४ची सरासरी काढली तर एका युआनला ०.९० क्रोना पडतात. युआन क्रोनाच्या खाली गेला तो असा.

आता क्रोनाच्या बाजूनेही बघा. आपण सगळा दोष युआनला देऊन मोकळे होतो. स्वीडननेही १९८१च्या सप्टेंबरात क्रोना १० टक्क्यांनी खाली आणला आणि १९८२च्या ऑक्टोबरात आणखी १६ टक्क्यांनी. १९८५ साली डॉलर सरासरी ८.६० क्रोनांवर होता. त्याच वर्षी युआनही २.९४ पर्यंत उतरला होता. म्हणजे दोघेही डॉलरपुढे घसरले, आणि दोघांमधला दर मात्र २.९३! चार वर्षांत काहीच घडलं नाही असं वाटावं. दोन माणसं एकाच वेळी जिना उतरत असतील तर त्यांना एकमेकांची उंची बदललेली दिसत नाही.

मग १९९२. १६ सप्टेंबरला स्वीडिश मध्यवर्ती बँकेने क्रोना वाचवण्यासाठी एका रात्रीच्या कर्जावरचं व्याज ५०० टक्के केलं. पाचशे. आमच्या खात्यात तो टेलेक्स आला तेव्हा आम्हाला वाटलं, छापताना एक शून्य जास्त पडलंय; उलट टेलेक्स करून खात्री करून घेतली. दोन महिने तग धरला, आणि १९ नोव्हेंबरला क्रोना मोकळा सोडला. वर्षभरात डॉलर सहाच्या आतून आठच्या वर गेला.

त्यानंतरचा प्रवास तुम्हाला आकड्यांत देते: २००१ साली एका युआनला साधारण १.२५ क्रोना (युआन तेव्हा डॉलरला ८.२८ वर बांधलेला, डॉलर चढला की आपोआप चढे), २००८ साली ०.९५, २०१५ साली १.३५, २०२२ साली दीड. तळापासून पाहिलं तर युआन खूप वर आलाय. ‘तीनचा दीड झाला’ ही गोष्ट खरी. ‘नव्वद पैशांचा दीड रुपया झाला’ हीही तितकीच खरी. सहकाऱ्याला पहिली आठवते, कारण लहानपणचे भाव माणूस विसरत नाही. माझ्या आईला शेवटपर्यंत दादरच्या १९५५ सालच्या नारळाचा भाव पाठ होता.

जाता जाता: गोथेनबर्गच्या प्रसिद्ध व्होल्वो मोटारी २०१० साली जीली या चिनी कंपनीने घेतल्या. १८० कोटींचा सौदा जाहीर झाला. युआन नव्हे, क्रोनाही नव्हे, डॉलर! कारण विकणारी फोर्ड कंपनी अमेरिकन होती. मुलगा त्याच कारखान्यात असेल तर सहकाऱ्याला हे सांगून एक कॉफी उकळता येईल.

प्रश्न : मॅडम, मी एम. ए.ला आहे, विषय स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी. चीनच्या कँटन बंदरातल्या खरेदीचे आकडे तायेलमध्ये (चांदीचं चिनी वजन) आहेत. ते स्वीडिश दालरमध्ये कोणत्या दराने बदलू? तक्ता कुठेच सापडत नाही. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : अरे (नातवाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरी), तक्ता सापडत नाही कारण असा दर कोणी लावतच नव्हतं. तायेल आणि दालर एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत. दोघांच्या मध्ये स्पेनचं चांदीचं नाणं उभं होतं.

कंपनी १७३१ची, गोथेनबर्गची. १८१३ पर्यंत तिने १३२ सफरी केल्या, बहुतेक कँटनला. चीनला स्वीडनचा माल नको होता, चांदी हवी होती. म्हणून जहाज आधी स्पेनच्या काडिझ बंदरात जायचं, तिथे माल विकून किंवा उसने घेऊन चांदीचे पियास्टर (तेच ते स्पेनचं नाणं) भरायचं, आणि मग आफ्रिकेला वळसा घालून कँटन गाठायचं. तिथे नाणी मोजत नसत, जोखत. एक पियास्टर म्हणजे ०.७२ तायेल, असा हिशेब धरत. या ०.७२ला दर समजू नकोस, ते वजन आहे. तायेल साधारण साडेसदतीस ग्रॅम (आपले सव्वातीन तोळे), नाणं सत्तावीस ग्रॅम. करून बघ.

आणि शब्द बघ. तायेलचा दहावा भाग ‘मेस’. तो मलय भाषेतल्या ‘मास’वरून आला आणि तो संस्कृत ‘माष’वरून. म्हणजे आपला बारा मासे एक तोळा मधला मासा! तायेलचं मूळही अभ्यासक तोळ्याशी जोडतात. चांदी पारखणाऱ्या माणसाला कँटनमधले सगळे परदेशी व्यापारी ‘श्रॉफ’ म्हणत. हा श्रॉफ म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगला आजही गाड्यांच्या तळावर पैसे भरायच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. मी तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतलाय. पारखलेल्या नाण्यावर कँटनचे सराफ ठसा मारत, आपल्याकडचे सराफ रुपयावर मारत तसाच. ठसे पडून पडून नाण्यावरचा स्पेनचा राजा ओळखू येईनासा होई. तिकडे कोणाला राजाशी देणंघेणं नव्हतं.

दुसरं टोक, स्वीडनचं, जास्त निसरडं आहे. तुझ्या कागदात नुसतं ‘दालर’ लिहिलं असेल तर आधी कोणता ते ठरव. चांदीचा हिशेबी दालर आणि तांब्याचा हिशेबी दालर वेगळे. एक चांदीचा म्हणजे तीन तांब्याचे. १७४५ पासून बँकेने नोटांच्या बदल्यात धातू देणं थांबवलं, म्हणजे त्यानंतर कागदी दालर तरंगता झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी, १२ सप्टेंबरला, कंपनीचं ‘गोथेबोर्ग’ जहाज कँटनहून चहा आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतताना बंदराच्या तोंडाशी, घर दिसत असताना, खडकावर आपटून बुडालं. १७७६च्या सुधारणेत एक रिक्सदालर म्हणजे सहा चांदीचे किंवा अठरा तांब्याचे दालर असं ठरलं, तेव्हा कुठे घडी बसली.

तर रीत अशी: तायेलचे पियास्टर कर (०.७२ ने भाग), पियास्टरमधल्या शुद्ध चांदीचं वजन काढ, आणि मग स्टॉकहोमच्या हॅम्बुर्गवरच्या हुंड्यांचा त्या वर्षीचा दर लाव. स्टॉकहोमची हुंडणावळ हॅम्बुर्गच्या चलनात बोलली जाई, त्यामुळे ती मालिका तुला मिळेल. १७७६ च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची एकाच आलेखात रेघ ओढू नकोस. परीक्षक झोपलेला असेल तरच चालेल.

कंपनीच्या स्वतःच्या हिशेबवह्या मागशील तर त्या फारशा नाहीत. सुरुवातीच्या काळात सफरीचा हिशेब मिटला की वह्या जाळून टाकत. नफा किती झाला ते कोणाला कळू नये म्हणून. आमच्या ऑडिटवाल्यांना हे ऐकून भोवळ आली असती.

‘गोथा लेयोन’ हे त्यांचं जहाज १७५०च्या सफरीत कँटनच्या आधी आपल्या सुरतेला आलं होतं. त्यावरचा पाद्री ओलोफ तोरेन हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, त्याची पत्रं छापलेली आहेत. मुंबईहून सुरत गाडीने काही तासांवर आहे. प्रकल्पात एक प्रकरण तिथलं घाल.

प्रश्न : तुम्ही दर उलटा देता. मी बँक ऑफ चायनाचा तक्ता पाहिला, त्यात शंभर क्रोनांना सत्तरच्या आसपास युआन असं आहे. ‘एका युआनला दीड क्रोना’ ही भाषा कुठली? – एक हिशेबनीस, ठाणे

उत्तर : दोन्ही तिथल्याच. चिनी बँकेच्या खिडकीवर शंभर परकीय एककांना किती युआन, असं लिहितात. पण १२ डिसेंबर २०१६ पासून शांघायच्या आंतरबँक बाजारात क्रोनाचा युआनशी थेट व्यवहार सुरू झाला (त्याच दिवशी नॉर्वे, डेन्मार्क, पोलंड, हंगेरी, तुर्कस्तान आणि मेक्सिकोची चलनंही आली), आणि तिथे रोज सकाळी जो मध्यदर जाहीर होतो तो ‘एका युआनला इतके क्रोना’ असा. एकाच देशात, एकाच चलनाचे, दोन तोंडांनी दर. ज्यांनी तो उलटा वाचून बिल पाठवलं त्यांची नावं मी सांगणार नाही. त्यात एक माझंही आहे, चलन वेगळं होतं एवढंच. त्यामुळे वाचकहो, एक क्रोना की एक युआन, ते आधी बघा. दीड आणि सदुसष्ट पैसे हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत, की चूक लगेच दिसते. २००८ सालच्यासारखा दर एकाच्या जवळपास असला, की ती दिसतच नाही. तिथेच माणसं फसतात.

प्रश्न : १९०१ साली बॉक्सर बंडानंतर (चीनमधला परकीयांविरुद्धचा उठाव) चीनवर जो दंड बसला त्यात स्वीडनचाही वाटा होता असं वाचलं. क्रोनामध्ये तो किती? आणि दुसरं: पुण्याच्या जुन्या बाजारात एका पाकिटात दोन नोटा मिळाल्या, एक १९४८ची चिनी ‘सुवर्ण युआन’ची, दुसरी लिनियसचं चित्र असलेली १०० क्रोनांची. काही किंमत येईल? – एक संग्राहक, नाशिक

उत्तर : वाटा होता, नाकाला लावायला सुताएवढा. ४५ कोटी तायेलच्या दंडात स्वीडन आणि नॉर्वे मिळून ६२,८२० तायेल. (तेव्हा दोन्ही देश एकाच राजाखाली होते, आणि दोघांचे क्रोना एकाच वजनाचे.) करारात एका तायेलला तीन शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) असा सोन्याचा दर बांधलेला. क्रोना १८७३ पासून सोन्याला बांधलेला. एक किलो सोन्याचे २,४८० क्रोना, म्हणजे पौंडाला १८.१६. त्यावरून ६२,८२० तायेल म्हणजे ९,४२३ पौंड, म्हणजे सुमारे १ लाख ७१ हजार क्रोना, तेही व्याज सोडून.

खरी गोम पुढे आहे. तायेल चांदीचा, दंड सोन्याचा. १८७०च्या सुरुवातीला, सोनं चांदीच्या साडेपंधरा पट महाग होतं तेव्हा, कस्टम खात्याचा एक तायेल सहा क्रोनांच्या घरात जाई. मग जर्मनी सोन्यावर गेला, पाठोपाठ स्वीडन-डेन्मार्क गेले, सगळ्यांनी चांदी बाजारात ओतली. १९०२ साली सोनं चांदीच्या एकोणचाळीस पट झालं आणि तायेल अडीच क्रोनांच्याही खाली आला. लंडनमध्ये तीन शिलिंगांऐवजी दोन शिलिंग सात पेन्स. आता तेच ९,४२३ पौंड फेडायला चीनला ६२ नव्हे, ७२ हजारांहून अधिक तायेल लागणार. चीन म्हणे, दंड तायेलमध्ये लिहिलाय, तायेल घ्या. समोरचे म्हणत, तीन शिलिंग लिहिलेत, सोनं द्या. शेवटी कोणाचं चाललं असेल ते सांगायला नको.

हा खेळ आपल्या दारातही चालू होता. रुपयाही चांदीचाच. जोवर रुपया आणि तायेल हातात हात घालून पडत होते तोवर मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनमध्ये धडाधड खपत होतं. २६ जून १८९३ला सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया अडवला गेला, तायेल पडतच राहिला, आणि गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला. रुपयाच्या ह्याच भानगडीवर पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला.

आता तुमच्या नोटा. सुवर्ण युआन ऑगस्ट १९४८चा. नावात सोनं, हातात कागद. जुन्या ३० लाख युआनांना एक नवा, आणि चार नव्यांना एक डॉलर, असं जाहीर झालं. डॉलर तेव्हा ३.६० क्रोनांचा, म्हणजे एका सुवर्ण युआनला ०.९० क्रोना. तेरा वर्षांपूर्वी, १९३५च्या नोव्हेंबरात चीनने चांदी सोडली तेव्हा एक युआन साडेचौदा पेन्सना ठरवला होता, क्रोनाच्या हिशेबात १.१७. १.१७ वरून ०.९०, फार नाही पडला असं वाटेल. मधले तीस लाख विसरलात तर. १९४९च्या उन्हाळ्यापर्यंत तुमच्या नोटेवर चहाही मिळत नव्हता. आज ती बदलून देणारं कोणी नाही. वहीत लावा.

शंभर क्रोनांची नोट ३० जून २०१७ नंतर दुकानात चालत नाही. स्वीडिश मध्यवर्ती बँक अर्ज केल्यावर जुन्या नोटा घेते, पण शुल्क लावते, आणि एका नोटेसाठी ते शुल्कच नोट खाऊन टाकेल. ठेवून द्या. मागच्या बाजूला फुलावर बसलेली मधमाशी आहे, ती भिंगाखाली सुरेख दिसते. पुढच्या बाजूचे लिनियसमहाशय कँटनला कधी गेले नाहीत. पण त्यांनी शिष्य पाठवले, कप्तानांच्या मागे लागले, कारण चांदी देऊन चिनी चहा घेणं त्यांना सहन होत नव्हतं. झाड स्वीडनमध्येच लावू म्हणाले. १७६३ला कप्तान एकेबर्गने खरंच जिवंत रोपं आणून दिली. थंडीत जगली नाहीत.